हिरव्या लेबलचं पाखरू

६ फेब्रुवारी १९९४

प्रिय दादा,

आत्या गेली तेव्हा भेटलो, त्यानंतर ना तुझं पत्र ना माझं. म्हणून आधी परक्यासारखी ओळख करून देते. मी चिमी, तुझी मामेबहीण, दातांच्या कवळ्या करणारी. अजून त्याच डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसते. आई बरी आहे, ऐकू चांगलं येतं, गुडघे रुसलेत.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गोड बोलत नाही. गेल्या आठवड्यात एक भंगारवाला खालची कवळी घासून घ्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, बंद पडलेल्या एका हॉटेलातून जुन्या रेकॉर्डींची खोकी आलीत, कोणी घेणारं असेल तर सांगा. मला तुझी आठवण झाली. तुझं उभं आयुष्य रेडिओच्या रेकॉर्डींच्या खोलीत गेलं, तुला सगळे तबकडीदादा म्हणायचे. म्हटलं बघून ठेवू. तिसऱ्या खोक्यात हात घातला आणि ही हाताला लागली: ‘शीळ : पाखरू. पियानोच्या साथीने.’ कंदील छाप.

‘पाखरू’ म्हणजे बाबा. तुला माहीतच आहे, पण नीट लिहिते, कारण मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटतंय. दिवसा पोस्टात टपाल वेगळं करायचे, संध्याकाळी नाटकाच्या मध्यंतरात शीळ घालायचे. पन्नास साली कंपनीने त्यांची एक रेकॉर्ड काढली. आमच्या घरात ती भिंतीवर टांगलेली असायची. पुढच्या वर्षी नदीत बोट बुडाली आणि त्यात ते गेले. मी पाच वर्षांची होते. सापडले नाहीत. घर बदलताना रेकॉर्ड फुटली, ग्रामोफोन आईने आधीच देऊन टाकला होता.

माझा प्रश्न एवढाच: आमच्या रेकॉर्डचं लेबल लाल होतं, सोनेरी अक्षरांचं. ही हिरवी आहे. मग ही तीच का?

वाटलं होतं हातात घेतल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. पुसली आणि पिशवीत ठेवली.

तुझी,
चिमी

---

१४ फेब्रुवारी १९९४

प्रिय चिमे,

तुझं पत्र आलं आणि तुझ्या वहिनीने जाहीर केलं की आता या घरात आठवडाभर दुसरा विषय निघणार नाही. निवृत्त माणसाला कामाला लावलंस, देव तुझं भलं करो.

आधी महत्त्वाचं. तबकडीला स्पिरिट लावू नकोस, ती लाखेची असते, विरघळेल. उन्हात ठेवू नकोस. आडवी रचू नकोस, उभी ठेव. आणि वाजवायचीच झाली तर नवी सुई घाल, जुनी सुई म्हणजे नांगर.

आता लेबल. लेबल म्हणजे सदरा. माणूस तोच, सदरे बदलतात. एकच तबकडी कंपनी दहा वर्षं छापायची आणि मधेच लेबलचा रंग बदलायची. कंदील छापच्या सुरुवातीच्या लेबलवर कंदिलाला सात किरणं असायची. छापखाना बदलला तेव्हा नव्या चित्रकाराने कंटाळा केला आणि पाचच काढली. लाल लेबल महागड्या तबकड्यांचं, हिरवं स्वस्त मालिकेचं. आणि एक खूण अशी की तिला दाद द्यावी लागते. लेबलवर ‘७८’ हा वेगाचा आकडा छापलाय का बघ. पूर्वी तो छापायची गरजच नव्हती, सगळ्याच त्या वेगाने फिरायच्या. हळू फिरणाऱ्या लांब तबकड्या आल्या, लोकांचा गोंधळ व्हायला लागला, मग आकडा आला. कंदील छापवर तो त्रेपन्नच्या आधी कुठेच नाही.

माझा अंदाज ऐकून ठेव: मामा गेल्यानंतर कंपनीने जुनीच रेकॉर्ड स्वस्तात पुन्हा काढली. असं पुष्कळदा व्हायचं.

पण सदऱ्यावरून वय सांगू नये. लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टा असतो, त्यात एक नंबर कोरलेला असतो. तो जन्माचा दाखला, गाणं मेणावर उतरवलं तेव्हाच पडलेला. लेबल बदलतं, तो बदलत नाही. कागद ठेवून वर पेन्सिल घासलीस की उमटेल, तो कागद पाठव. मी कंदील छापच्या सगळ्या तबकड्यांची सूची करतोय, त्यात मामाची जागा रिकामी आहे. ती भरू दे.

मामीला नमस्कार.

दादा

---

२२ फेब्रुवारी १९९४

प्रिय दादा,

किरणं पाच. ‘७८’ आहे, भोकाच्या उजव्या बाजूला, बारीक.

पेन्सिलीने नीट उमटेना, नंबर फार उथळ आहे. मग मी माझ्या धंद्याला जे येतं ते केलं. जबड्याचं माप घ्यायला आम्ही जो गार लगदा वापरतो तो त्या पट्ट्यावर बसवला. गरम मेण लाखेवर चालत नाही हे मला सांगायला नको. एके काळी आमच्याकडे कवळीच्या मापाच्या पट्ट्या लाखेच्याच असायच्या, मी शिकताना त्यांच्यापायी बोटं भाजून घेतली आहेत. ठसा उलटा आला, त्यात प्लास्टर ओतलं, सुलटा झाला. डॉक्टर मागे उभे राहून म्हणाले, ‘हा कोणाचा जबडा?’ मी म्हटलं, वडिलांचा.

कापसात गुंडाळून डबीत पाठवतेय. पोस्टवाल्यांनी आपटली नाही तर अख्खी पोचेल.

आईला सांगितलेलं नाही. बाबांचा विषय आमच्या घरात निघत नाही. भांडण वगैरे नाही, बंद खोलीत जाण्याचं काही कारण नसतं तसं. मलाही त्यांचं फार आठवत नाही. उंच होते एवढं आठवतं, पण पाच वर्षांच्या पोरीला सगळेच उंच दिसतात.

तुझं म्हणणं पटलं. जुनंच गाणं, नवा सदरा. तू खात्री करून कळव, म्हणजे मी तबकडी तुझ्याकडे पाठवून देईन. माझ्याकडे ठेवून काय करू?

चिमी

---

२ एप्रिल १९९४

प्रिय चिमे,

डबी पोचली. उत्तराला उशीर झाला. इकडे थोडी धावपळ होती, डोळ्यांचंही दुखणं आहे. नंबर नीटसा लागत नाही. सावकाश बघतो. तबकडी सध्या तुझ्याकडेच राहू दे. तब्येतीला जप.

दादा

---

९ एप्रिल १९९४

प्रिय दादा,

तू मला जन्मात इतकं छोटं पत्र लिहिलेलं नाहीस. आठवीत नापास झाले तेव्हाही चार पानं उपदेश होता.

नंबर लागत नाही म्हणतोस? माझ्याकडे दुसरं प्लास्टर आहे, मी खिडकीपाशी धरून वाचलं. एकेक आकडा पहारेकऱ्यासारखा ताठ उभा आहे. शेवटी एक छोटी रेघ आणि दोनचा आकडा. तुझे डोळे दुखत असतील, पण माझं प्लास्टर ठणठणीत आहे.

तू काय लपवतोयस ते मला कळलंय. हे बाबा नाहीतच. ‘पाखरू’ नाव कंपनीने दुसऱ्या कुणाला दिलं आणि त्याच्याकडून शीळ घालून घेतली. एवढंच ना? मग सांगून टाक. मी मोडून पडणार नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तशी मी या बाबतीत पहिल्यापासून आहे.

खरं लिही.

चिमी

---

२० एप्रिल १९९४

प्रिय चिमे,

लिहायला बसायचो आणि उठायचो. आज तुझ्या वहिनीने कागद पुढ्यात ठेवला आणि दार लावून घेतलं.

शीळ मामाचीच आहे. पण रेकॉर्ड ती नव्हे. ही दुसरी आहे.

मेणावर पडणारे नंबर ओळीने येतात. तुझ्या नंबराच्या लगेच आधीचा नंबर माझ्या कपाटात आहे. त्यावर पोलिसांचा बँड आहे, तुमच्या नदीवरच्या नव्या पुलासाठी वाजवलेला. सुरुवातीला निवेदक बोलतो, ‘काल आपला पूल वाहतुकीला खुला झाला.’ चिमे, तो पूल बोट बुडाली म्हणून बांधला. चोपन्न साली खुला झाला. आणि त्या बँडनंतर त्याच स्टुडिओत ज्याचा आवाज मेणावर उतरला, तो मामा.

माझा विश्वास बसेना. नंबर चुकला असेल, कोणी मुद्दाम घोळ केला असेल, काय काय म्हणून पाहिलं. तुला सांगण्याआधी खात्री करायची होती. लेबलवर पियानोची साथ आहे. कंदील छापकडे तेव्हा पियानोला एकच बाई होत्या. त्या वृद्धाश्रमात आहेत, ऐंशीच्या पुढच्या. भेटायला गेलो. व्हरांड्यात बसल्या होत्या.

म्हटलं, ‘पाखरू नावाचा शीळवाला आठवतो?’

‘न आठवायला काय झालं? डोळे मिटून शीळ घालायचा. सूर कधी हलला नाही, दम मात्र पुरत नव्हता.’

‘कधीची गोष्ट?’

‘पूल झाला तेव्हाची. आमच्या आधी बँडवाले होते, स्टुडिओभर चिखलाचे बूट. त्याची बायको सोबत होती. आणि पोरगी, नुकती पावलं टाकायला लागलेली. तिला पियानोखाली बसवलं. पहिल्या खेपेला ती रडली आणि मेण वाया गेलं. मग दुसरी खेप घेतली.’

तुझ्या प्लास्टरवरचा दोन तो. दुसरी खेप.

मी विचारलं, जुनंच नाव का घातलं? त्या म्हणाल्या, ‘नाव कंपनीचं होतं, लोकांना तेच ठाऊक होतं. त्याने नको म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, मग परत जा.’ ज्याने ऐकलं त्याला जुनीच रेकॉर्ड पुन्हा काढली असं वाटलं असणार. मला नाही का वाटलं.

मामा एकसष्टच्या हिवाळ्यात गेला, छातीच्या आजाराने. ती बायकोही आता नाही. मुलगी आहे. बाईंच्या चष्म्याच्या काचा तीच बदलून देते. पत्ता माझ्याकडे आहे. मागशील तर देईन, नाही मागितलास तर पुन्हा विषय काढणार नाही.

मामीला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला यातलं काही ठरवता येत नाही. सूचीत एक जागा भरावी म्हणून निघालो होतो, आणि हे काय होऊन बसलं.

तुझा,
दादा

---

१२ जून १९९४

प्रिय दादा,

पत्र वाचलं, घडी केली आणि उरलेल्या दोन कवळ्या पॉलिश केल्या. तशाच महिनाभर करत राहिले. एक दिवस डॉक्टर म्हणाले, ‘सध्या तुमच्या हातून चूकच होत नाही.’ मी बरं म्हटलं.

मग गेल्या रविवारी त्यांच्या घरून ग्रामोफोन आणला, नवी सुई घातली आणि आईच्या खोलीत लावला. आधी काही बोलले नाही. आई खिडकीपाशी पाय लांब करून बसली होती. शीळ सुरू झाली. तिने मान वळवली नाही. पुरी बाजू संपली, सुई आत खरखरत राहिली, मग म्हणाली, ‘दम लागतोय यांना. पूर्वी लागत नव्हता.’

दादा, तू नंबर शोधलास, बँड शोधलास, म्हातारी शोधून काढलीस. आईला एक बाजू पुरली.

मी म्हटलं, ‘ही बोटीनंतरची आहे.’

‘ते कळलं मला.’

‘तुला माहीत होतं?’

‘रेकॉर्ड नव्हती माहीत.’ मग सुई उचल म्हणाली, मी उचलली. ‘हे येऊन गेले होते. बोट बुडाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात. मागच्या दाराने. कपडे कोरडे, हातात पिशवी. म्हणाले, मी बोटीत नव्हतोच. मी म्हटलं, मग कुठे होतात? तर खाली बघायला लागले. तेव्हाच समजले, कोणाकडे होते ते.’

‘मग?’

‘मग काय! गावातली सगळी माणसं येऊन भेटून गेली होती. मी रडून झाले होते. तेवढं रडू माणसाकडे एकदाच असतं. यांना म्हटलं, लोकांनी तुम्हाला पोचवलंय, आता तुम्ही पोचा. आणि कडी लावली.’

‘मी कुठे होते?’

‘झोपली होतीस. अंगात ताप होता.’

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस कधी. तर म्हणते, ‘बाप वारला म्हटलं की लोक पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतात. बाप पळाला म्हटलं की हसतात. तुझ्या डोक्यावर हात पडावा असं वाटलं.’ आणि बोलता बोलता गुडघ्याला तेल मागितलं. मी तेल दिलं.

पोस्टाने बाबांच्या जागी तिला घेतलं होतं, हे तुला माहीत आहे. आयुष्यभर तिने लोकांची टपालं लावली. त्यात त्यांचं पत्र कधी आलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तू मला विचारशील, काय वाटलं. काय वाटायला हवं तेच कळत नाही. ज्याला मेलेला समजत होते तो मेलेलाच आहे. फक्त दहा वर्षं उशिरा.

त्या मुलीचा पत्ता पाठव.

चिमी

---

२१ जून १९९४

प्रिय चिमे,

मामी अशी गोष्ट पोटात ठेवून आमच्याकडे सुट्टीत यायची, माझ्या ताटात वाढायची आणि मला अभ्यासाला बसवायची. मी आजवर स्वतःला पारखी समजत होतो. तबकडीच्या कडेवरून साल सांगतो, आणि समोरच्या माणसाचं काही वाचता आलं नाही.

एक विचारतो. माझ्या आईला हे ठाऊक होतं का? भाऊ बुडाला म्हणून ती वर्षानुवर्षं नदीकडे बघायची नाही. मामीला विचारून बघ, जमलं तर.

पत्ता देतो, पण आधी बसून घे. ती तुझ्याच नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. पुलाचं टोक जिथे उतरतं तिथे चष्म्याचं दुकान. मामाही शेवटपर्यंत तिथेच राहिला. तुझ्या घरातून ती बाजू दिसते, मला आठवतं.

तिला मी काही कळवलेलं नाही. तू कोण हे तिला माहीत आहे की नाही तेही माहीत नाही.

सूचीचा मजकूर लिहून झालाय. ‘पाखरू, शीळ. हिरवं लेबल, पाच किरणं, दुसरी खेप.’ कलावंताच्या मृत्यूचं साल घालायची पद्धत आहे. ती जागा मोकळी ठेवलीय. तू सांगशील ते घालतो.

दादा

---

८ ऑगस्ट १९९४

प्रिय दादा,

आत्याला माहीत नव्हतं असं आई म्हणते. खरंच की तुझ्या समाधानासाठी, ते मी खोदून विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

शनिवारी गेले, आईला सांगून. बस पुलावरून पाच मिनिटांत पलीकडे जाते. इतकी वर्षं मी त्या बाजूला गेलेच नव्हते, कारण काही नव्हतं. दुकान लहान, स्वच्छ आहे. काउंटरमागे ती होती, चाळिशीची, चष्मा केसांवर चढवलेला. मी म्हटलं वाचायला त्रास होतो. तिने खुर्चीत बसवलं, डोळ्यांसमोर काचा बदलत विचारत राहिली, ‘ही बरी की मागची बरी?’ मी कुठलीही सांगत होते.

शेवटी म्हटलं, ‘तुमचे वडील शीळ घालायचे का?’

तिचा हात थांबला. ‘तुम्ही ऐकलीय?’

‘मी त्यांची मोठी मुलगी.’

ती हसली. वेड्या माणसाशी सांभाळून बोलतात तशी म्हणाली, ‘बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. त्यांची मोठी मुलगी लहानपणीच गेली. बोट बुडाली होती ना, त्यात. ती आणि तिची आई, दोघीही.’

दादा, मी त्या खुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर झाकण होतं.

ती सांगत राहिली. बाबा पूल ओलांडताना बसमध्ये डोळे मिटून घ्यायचे. तिला सांगायचे, तुला एक ताई होती, तिला माझी शीळ झोपताना लागायची. ही विचारायची, तिचं नाव काय? ते म्हणायचे...

‘चिमी,’ मी म्हटलं.

मग तिने माझ्या डोळ्यावरचं झाकण काढलं. स्वतःचा केसांवरचा चष्मा खाली घेतला, लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. एक गिऱ्हाईक आत आलं, तिने न बघताच त्याला म्हटलं, ‘आज बंद आहे.’ आणि ढसाढसा रडायला लागली. तिच्या समोरच्या दोन दातांत फट आहे. माझ्याही आहे. दुसऱ्यांच्या किती फटी मी बुजवल्या असतील, स्वतःची कधी बुजवली नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी तिची पाठ थोपटत होते आणि वाटत होतं, हिचं तरी होतंय रडून.

तिच्याकडे बाबांची एकही रेकॉर्ड नाही. तबकडी बरोबर नेली होती, ती तिला देऊन टाकली. तुझ्या सूचीपुरतं प्लास्टर तुझ्याकडे आहेच, त्यावर भागव.

संध्याकाळी घरी आले. आईने विचारलं, ‘कशी आहे?’

म्हटलं, ‘बोलकी आहे.’

‘म्हणजे यांच्यावर गेलीय. काय सांगितलं होतं आपल्याबद्दल?’

लपवायचं ठरवलं होतं, पण आता कोणाकोणापासून काय लपवायचं! सांगून टाकलं, की त्यांनी आपल्या दोघींना बोटीत बुडवलं होतं. म्हटलं, आई, तू आणि मी तिकडे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं मेलेल्या आहोत.

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हिला काही होतं. तर तिचे खांदे हलायला लागले. रडत नव्हती, हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘मला बुडवली होय यांनी!’ म्हणाली. ‘मी यांना बुडवलं, यांनी मला. फिटलं म्हणायचं.’

साल मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘एकसष्टच लिहू दे. त्या पोरीचा बाप एकसष्टला गेला, तिचं कशाला खोटं करायचं?’ तेव्हा एकसष्ट घाल.

मग मी जेवायला वाढत होते तेव्हा पुन्हा हाक मारली. ‘त्या पोरीला आई आहे का?’

‘नाही. वारली.’

तिने ताट पुढे ओढलं. मग म्हणाली, ‘रविवारी जेवायला बोलाव तिला. दार उघडायला मी जाईन, तू मधे येऊ नकोस. घाबरली तर म्हणावं, ही पोहून आली.’

चिमी